एका वेळेला एक रांग

कुशनच्या धंद्यात एक जुना नियम आहे. गिऱ्हाइकानं खुर्ची आणली की त्याच्या देखत तिचं जुनं कापड टराटरा फाडायचं. बाकीचं काम मग सवडीनं केलं तरी चालतं. अंगावर कापड असलेली खुर्ची घेऊन माणूस भाव करत चार दुकानं फिरतो. उघडा सांगाडा डोक्यावर घेऊन कोण फिरणार? खुर्ची उघडली की गिऱ्हाईक बांधलं गेलं.

हा नियम नानांचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे कुशनचं दुकान आहे ते त्यांनी उभं केलं. सोफे, खुर्च्या, मोटारीच्या सीटा, सगळं व्हायचं. नियम त्यांना लाभला, कारण तेव्हा हाताखाली दोन पक्के कारागीर होते. नाना उघडत जायचे आणि कारागीर मिटवत जायचे. पुढे एक कारागीर वारला, दुसऱ्यानं स्वतःचं दुकान टाकलं. नानांचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर सुई एकीकडे आणि दोरा भलतीकडे. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याला सीटवर बसता येतं, सीट शिवता येत नाही. दुकान सुनेच्या गळ्यात पडलं.

सुनेला गल्लीत लहानथोर सगळे वहिनी म्हणतात. मी वयानं तिच्या बापाएवढा, पण मीही वहिनीच म्हणतो. तिनं ते दुकान कसं राखलं ते मला सांगायचं आहे. मी गोदामात हमाल होतो. आता निवृत्त आहे, पण हातगाडी विकलेली नाही. वहिनीचा माल न्यायचा-आणायचा असला की मी जातो. त्यामुळे यातलं बरंचसं मी दोन हातांवरून पाहिलेलं आहे.

आधी एक गोष्ट साफ सांगतो. वहिनी कष्टाला कधी कमी पडली नाही. सकाळी घरचं आवरून सगळ्यांच्या आधी तिचं शटर वर जायचं. मान मोडून काम करायची. शिलाई तिची नानांपेक्षा सरळ. पण कष्ट वेगळे आणि काम वेगळं. पोतं पाठीवर घेऊन माणूस दिवसभर गोदामात फिरला तर घाम भरपूर येईल, मजुरी मिळणार नाही. पोतं जागेवर पडलं की काम झालं. वहिनीची पोती जागेवर पडत नव्हती.

दुकान म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. पुढं उजेडाला शिलाई मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीला उभे केलेले फोमचे तक्ते, वर घोडीवर रेक्झीनचे रोल. राहिलेल्या जागेत उघडलेल्या खुर्च्या. खुर्चीवर खुर्ची, तिच्या पोटात आणखी एक, छताच्या हुकाला टांगलेल्या दोन. कुणाच्या सोफ्याच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या, कुणाची नुसती प्लायवूडची फळी. सगळ्यांचे नट-बोल्ट डब्यांत एकत्र.

नवीन गिऱ्हाईक आलं की वहिनी हातातलं ठेवून उठायची. नानांचा नियम. त्याची खुर्ची उघडायची, त्याला परवाचा वायदा द्यायची आणि जागेवर परतायची. तोवर फोमला लावलेलं सोल्यूशन सुकून गेलेलं असायचं. ज्यांनी सोल्यूशननं काही चिकटवलं असेल त्यांना माहीत आहे. ओलं असताना धरत नाही, फार सुकलं तरी धरत नाही. बोटाला चिकटेल न चिकटेल एवढ्यातच दाबावं लागतं. ती वेळ निघून गेली की खरवडा आणि पुन्हा लावा. तेवढ्यात जुनं गिऱ्हाईक दारात, माझं झालं का म्हणून. त्याची खुर्ची शोधायला आधी पाच खुर्च्या हलवायच्या. निम्मा दिवस खुर्च्या इकडच्या तिकडे करण्यात जायचा. मीही जन्मभर माल इकडचा तिकडे केला, पण मला त्याची मजुरी मिळायची.

नाना दुकानाबाहेर स्टुलावर बसून हे बघायचे. गिऱ्हाइकांच्या शिव्या आधी त्यांच्या कानावर पडायच्या, कारण पाटीवर नाव त्यांचं. एक ना धड, भाराभर चिंध्या, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचे. सून आत ऐकत असायची. नियम आपलाच आहे हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं, कारण त्यांच्या मते नियमात खोट नव्हती, सुनेच्या हातात होती.

शेवटी त्यांनी जागा भाड्यानं द्यायचं मनात घेतलं. मोबाइलवाला एक जण कधीपासून मागे होता. त्याला काचेचं काउंटर टाकायचं होतं. नानांनी वहिनीला घरात सगळ्यांसमोर सांगितलं. वर्ष संपेपर्यंत दुकान रांगेला लागलं तर ठीक, नाहीतर वर्षाअखेर शटर मोबाइलवाल्याचं. नवरा फोनवर म्हणाला की बरंच आहे, तुलाही विश्रांती मिळेल. त्या दिवशी तिनं मला सांगितलं, “काका, मला विश्रांती नकोय. मला हे काम येतं.”

मग सलूनवाल्याचं प्रकरण झालं.

चौकातल्या सलूनमधे दोनच खुर्च्या. त्यातल्या एकीची बैठक आणि पाठ सलूनवाल्यानं वहिनीकडं दिली. लोखंडी बूड सलूनमधेच राहिलं. वहिनीनं रिवाजाप्रमाणं तिथल्या तिथं कापड फाडलं आणि परवाचा वायदा दिला. परवा गेला, त्याच्या पुढचा परवा गेला. सलूनवाला रोज दुपारी यायचा आणि रोज त्याच्या बैठकीची उघडी फळी ढिगात आणखी खाली गेलेली असायची. एक दिवस तो आला आणि स्वतःच खुर्च्या बाजूला करायला लागला. वहिनी म्हणाली की दादा, उद्या नक्की. त्यानं फळी ओढून काढली, पाठ काखेत मारली आणि भर बाजारातून निघाला.

नानांचा स्टूल मागं सरकला. ते उभे राहिले. चाळीस वर्षांत उघडलेली खुर्ची पहिल्यांदाच परत चालली होती.

सलूनवाल्यानं त्या फळीवर घडी घातलेला टॉवेल टाकला आणि धंदा सुरू केला. आता सलून ही काय चीज आहे ते सांगायला नको. जो बसेल तो विचारायचा की हे काय, पाट मांडलाय का. सलूनवाल्याच्या हातात कात्री आणि तोंडाला धार. तो सांगायचा की कुशनवाल्या वहिनींची नवी फॅशन आहे, ‘परवा’ नावाची. आठवड्याभरात सगळ्या गावाच्या बुडाला ती फळी टोचली. पोरंसुद्धा एकमेकांना विचारायला लागली, गृहपाठ वहिनींकडं दिला होतास काय रे.

दोन दिवसांत हे वहिनीच्याही कानावर गेलं. तिसऱ्या दिवशी मी फोमचे तक्ते घेऊन गेलो तर ती खोलीच्या मधोमध उभी होती आणि ढिगाकडं बघत होती. तिनं मला एकच प्रश्न विचारला. गोदामात ट्रक आला की तुम्ही काय करायचा? मी म्हटलं, आधीच्या ट्रकचा माल थप्पीला लागल्याशिवाय दुसऱ्याचा फाळका उघडायचा नाही, नाहीतर पायाखाली पोती येतात आणि कंबर जाते. ती म्हणाली, “म्हणजे मी सगळ्यांचे फाळके उघडून बसलेय.”

ते ती मला नाही, स्वतःलाच म्हणत होती. माझ्या उत्तराआधीच तिला ते दिसलं असावं.

त्या दिवसापासून तिनं नवीन काम उघडणं बंद केलं. कुणी खुर्ची आणली तर ती बघायची, माप घ्यायची, काय करावं लागेल ते सांगायची आणि म्हणायची, खुर्ची घरी न्या, वापरा, तुमची पाळी आली की निरोप देते. लोक बुचकळ्यात पडायचे. दुकानात आणलेली वस्तू दुकानदारानं परत पाठवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काही जण चिडून हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेले. नाना स्टुलावरून पाठमोऱ्या गिऱ्हाइकाकडं बोट करायचे आणि आत ऐकू जाईल असं म्हणायचे, हा गेला. थोड्या वेळानं, हाही गेला.

“सूनबाई, लोक गिऱ्हाईक ओढायला दुकान काढतात. तू हाकलायला काढलंयस.”

“नाना, गेला तो चिडून गेला, पण बसायला खुर्ची घेऊन गेला. फळी घेऊन नाही गेला.”

यावर नानांनी चहा मागवला.

ढीग उपसायला वहिनीनं एक पद्धत धरली. जे काम संपायला सर्वांत कमी उरलंय ते आधी. कुणाची फक्त बटणं राहिलेली, कुणाची मागची पट्टी. ती आधी गेली आणि खोलीत पाय ठेवायला जागा झाली. मग एक खुर्ची टेबलावर घ्यायची आणि ती मिटल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. बोल्ट डब्यात टाकणं बंद. खुर्ची सोडवली की ज्या भोकातून बोल्ट काढला त्याच भोकात तो दोन आटे फिरवून ठेवायचा. शोधाशोध संपली. हे बघायला क्षुल्लक वाटतं. ज्यानं एका बोल्टासाठी चार डबे जमिनीवर उपडे केलेत त्याला विचारा.

दुसरा त्रास होता बोलणाऱ्यांचा. त्यावर तिनं सकाळचं शटर अर्ध्यावर ओढायला सुरुवात केली. सकाळी सोल्यूशन, कापणं आणि शिलाई, म्हणजे ज्या कामात मधे उठलं की नुकसान होतं ते. जेवणानंतर शटर पूर्ण वर, मग या, बोला, माप द्या, भांडा. पहिले काही दिवस लोक सकाळी यायचे, वाकून बघायचे, त्यांना मशीनच्या पायट्यावरचे वहिनीचे पाय तेवढे दिसायचे. काही जण पायांशीच बोलायचे. पाय उत्तर द्यायचे नाहीत, चालत राहायचे. हळूहळू गावाला कळलं.

आणि अंधार पडला की दुकान बंद. याबद्दलही नाना कुरकुरले. त्यांच्या काळात कंदील लावून काम चालायचं. वहिनीचं म्हणणं की थकल्या डोळ्यांनी मारलेली शिलाई दुसऱ्या दिवशी उसवावी लागते, मग दोन्ही दिवस गेले. मला ते पटलं. हमालीतसुद्धा शेवटच्या तासात फुटलेल्या पेट्यांची भरपाई आम्हीच करायचो.

ढीग संपला तशी वहिनी स्वतः सलूनमधे गेली. गिऱ्हाईक बसलेलं असताना गेली, हे महत्त्वाचं. तिनं विचारलं की तुमचा सुट्टीचा वार कोणता. त्यानं सांगितला. ती म्हणाली की त्या दिवशी सकाळी बैठक आणि पाठ पाठवा, संध्याकाळी घेऊन जा, धंद्याचा एक दिवसही मोडणार नाही.

सलूनवाल्यानं वस्तरा थांबवला. “वहिनी, मागच्या खेपेला महिन्यात झालं नाही. आता दिवसात?”

“मागच्या खेपेला तुमची खुर्ची एकटी नव्हती.”

सुट्टीच्या दिवशी मीच ती बैठक आणि पाठ गाडीवरून आणली. कापड आधीच मापानं कापून, कडेच्या पायपिंगसकट शिवून ठेवलेलं होतं. सोल्यूशन, फोम, कापड, मग पिना ठोकायचा टॅकर. ऊन उतरायच्या आत मी ती परत नेली. सलूनवाला तिच्यावर बसला, डावीकडं झुकला, उजवीकडं झुकला, पाठीनं रेटून पाहिलं. त्याला बोलायला काही सापडेना. त्याच्या धंद्याच्या माणसाला हे फार जड जातं.

पण ज्या तोंडानं फळी गावभर नेली त्याच तोंडानं खुर्चीही नेली. गावच्या सभागृहाचा व्यवस्थापक त्याच सलूनमधे दाढी करतो. खुर्चीत बसल्याबसल्या त्यानं ते ऐकलं आणि तसाच, गालाला तुरटी लावलेला, दुकानात आला.

सभागृहातल्या बैठका फाटून वर्षं झाली होती. स्प्रिंग टोचायची म्हणून लोक मांडीखाली पिशवी घेऊन बसायचे. मोठ्या दुकानानं काम घ्यायची तयारी दाखवली होती, पण सभागृह महिनाभर बंद ठेवा म्हणाले. व्यवस्थापक म्हणाला, बंद ठेवलं तर ठरलेल्या कार्यक्रमांना मी काय रस्त्यात बसवू? वहिनीला काही उपाय सुचतो का, हे विचारायला तो आला होता.

नाना स्टुलावरून उठून आत आले. त्यांनी वहिनीच्या आधीच सांगून टाकलं की सगळ्या खुर्च्या पाठवा, आम्ही बघतो. त्यांचं गणित जुनंच होतं. सगळ्या उघडल्या म्हणजे काम कुठं जात नाही.

वहिनीनं त्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, “एका वेळेला एक रांग नेईन. ज्या दिवशी कार्यक्रम नाही त्या दिवशी. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या खुर्च्या जागेवर असतील.”

व्यवस्थापकाला हे आवडलं, पण तो कच्चा नव्हता. त्यानं अट घातली. एका जरी कार्यक्रमाला एक जरी जागा रिकामी दिसली तर उरलेलं काम मोठ्या दुकानाला. वहिनीनं मान्य केलं. तो गेल्यावर नाना म्हणाले की तू हातानं दोर गळ्यात घातलास. त्यांचं चुकत नव्हतं. हे काम पार पडलं तर वर्षाअखेरीला दुकान टिकणार होतं. मधेच गेलं तर मोबाइलवाला सुतार घेऊन यायला मोकळा. मधली वाट नव्हती.

काम सुरू झालं. सभागृहाच्या खुर्च्यांचे लोखंडी पाय जमिनीत पक्के. बैठक आणि पाठ तेवढी सुटते. आम्ही सकाळी जाऊन एक रांग सोडवायचो, बोल्ट पायांच्या भोकांत ठेवायचो, बैठका गाडीवर रचून वर दोरी मारायचो. रंगमंचापासून मागं, एकेक रांग. वहिनी आधी सगळ्यांना सोल्यूशन लावायची. शेवटच्या बैठकीला लावून होईस्तोवर पहिली बरोबर बोटाला चिकटायला आलेली असायची. वाट बघण्यात वेळ गेला नाही आणि खरवडण्यातही गेला नाही. मग एकच दोरा, एकच रंग, एकच माप. हात एका वळणावर आला की कामाला आपोआप वेग येतो. नव्या रांगा लाल आणि जुन्या रांगा करड्या, मधली रेघ मागं मागं सरकत होती. लोक आत आले की आधी पुढच्या खुर्च्या गाठायला लागले. पूर्वी मागच्या धरायचे.

काम निम्म्यावर आलं आणि व्यवस्थापक खुशीत आला. पुढचा जवळजवळ आठवडा सभागृहात काहीच नव्हतं. तो म्हणाला, पाच रांगा एकदम न्या, मोकळं मैदान आहे.

नानांचा जीव भांड्यात पडला. वर्ष संपत आलं होतं आणि काम निम्मंच झालं होतं. ते वहिनीला बाजूला घेऊन समजावून सांगायला लागले. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही. खरं सांगायचं तर मलाही त्यांचंच पटलं. गाडीच्या पाच खेपा मी त्याच दिवशी मारल्या असत्या.

वहिनी मोहात पडली हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती पाच रांगांच्या शेजारून चालत गेली, परत आली. मग म्हणाली, “दिवस मोकळे आहेत नाना, पण हात तेवढेच आहेत. पाच उघडल्या तर पहिली संपायला पाचवीची वाट बघावी लागेल. एक उघडली तर एक तरी संपते.”

नाना घरी निघून गेले. आम्ही एकच रांग सोडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेतल्या सगळ्या बैठका टेबलाखाली आणि टेबलावर नागड्या पडलेल्या होत्या, तेव्हा व्यवस्थापक अर्ध्या शटरखालून वाकून आत आला. गावच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक रात्री गेले होते. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. उद्या दुपारी सभागृहात शोकसभा, आणि बसायला जागा पुरणार नाही अशी गर्दी. त्यानं खोलीत नजर फिरवली. त्याला पाच रांगा दिसतील अशी भीती होती.

“एकच आहे,” वहिनी म्हणाली. “उद्या सकाळी बसवते.”

तो गेला, त्याच्यामागं थोड्या वेळानं वीजही गेली. टॅकर हवेवर चालतो, हवा मोटरवर भरते. कापड ओढून ठोकायचं सगळं काम अडलं. शिलाईचं मशीन पायाचं होतं, तेवढं नशीब. वहिनीनं दोनदा बटण दाबून बघितलं. मग ती हातात कापड घेऊन नुसतीच उभी राहिली. त्या दुकानात तिला नुसतं उभं राहिलेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

नाना बाहेर होते. ते आत आले, फळीवरून एक जुनी पत्र्याची पेटी उतरवली आणि तिच्यातून हातोडी काढली. बारीक डोक्याची, लोहचुंबकाची. कुशनवाल्यांची जुनी हातोडी. टॅकर येण्याआधी सगळं तिच्यावरच व्हायचं. नाना हातोडी मारू शकत नव्हते, हात थरथरत होते. त्यांनी ती वहिनीच्या हातात दिली, खिळ्यांची मूठ तोंडात टाकली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन दोन्ही हातांनी रेक्झीन ओढलं. ओढायला हात स्थिर लागत नाही, जोर लागतो. तो त्यांच्यात होता. नानांनी जिभेनं खिळा ओठावर आणायचा, खिळ्याचं डोकं बाहेर करून. वहिनी हातोडीनं तो टिपायची आणि ठोकायची. पहिले काही खिळे तिरके गेले, अंगठ्यावरही बसली. मग दोघांचा ताल जमला. ओढ, टिप, ठोक. मी तयार बैठका उचलून बाजूला लावत होतो.

नाना पूर्ण दिवस गप्प होते. दुकानाच्या इतिहासात असं झालं नव्हतं. तोंडात खिळे होते हे एक कारण. जेवायच्या वेळी खिळे काढले तरी ते काही बोलले नाहीत, हेही खरं.

दिवस मावळायच्या आत शेवटच्या पाठीचा शेवटचा खिळा बसला. वीज त्यानंतर आली. आम्ही सकाळी गाडी भरून नेली. बोल्ट आपापल्या भोकांत होते, हातांनी फिरवले आणि पान्यानं आवळले. दुपारी सभागृह दारापर्यंत भरलं. म्हातारे, बायका, कामावरून तसेच आलेले लोक. वहिनी मागं भिंतीला टेकून उभी होती. तिनं माणसांकडं पाहिलंच नसावं. ती खुर्च्या बघत होती. एकही रिकामं लोखंड दिसत नव्हतं. आदल्या दिवशी ती रांग इथं नव्हती हे बसलेल्यांतल्या कुणाला कळलं नाही.

पाच नेल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती. व्यवस्थापकानं सभा संपल्यावर एवढंच विचारलं की पुढची रांग कधी नेता.

उरलेल्या रांगा झाल्या. एकेक करून झाल्या आणि वर्ष संपायच्या आत झाल्या. एक नेली की एक संपायची, त्यामुळे किती राहिलंय हे रोज डोळ्यांना दिसत होतं आणि घाबरायला जागा नव्हती. शेवटची रांग बसवली त्या दिवशी नाना सभागृहात आले. त्यांनी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक बैठकीच्या शिवणीवर अंगठा दाबायचा, पाठीची कड चाचपायची, पुढं सरकायचं. व्यवस्थापक जांभया द्यायला लागला. मी एका पायरीवर बसलो. वहिनी उभीच होती. अर्ध्यावर त्यांना एक बटण सैल सापडलं. त्यांना बरं वाटलं असावं. वहिनीनं खिशातून सुई काढून ते तिथंच आवळलं. शेवटच्या खुर्चीवरून हात काढला तेव्हा नाना व्यवस्थापकाकडं वळले. सुनेकडं नाही.

“हे आमच्या दुकानाचं काम आहे. कुणी विचारलं तर सांगा.”

आम्ही रिकामी गाडी ढकलत परत आलो तर दुकानासमोर मोबाइलवाला सुताराला घेऊन उभा. सुतार टेप लावून शटरची रुंदी मोजत होता. मोबाइलवाला नानांना म्हणाला की काउंटरचं माप घेऊन ठेवतो, म्हणजे पहिल्या तारखेला अडायला नको. नानांनी त्याला शांतपणे विचारलं की जागा कुणाशी ठरवलीस. तुमच्याशीच, तो म्हणाला. नाना म्हणाले की मग चुकीच्या माणसाशी ठरवलीस, दुकान हिचं आहे, हिला विचार. मोबाइलवाल्यानं वहिनीकडं बघितलं. वहिनीनं कुलूप काढलं, शटर वर लोटलं आणि सांगितलं की जागा चालू आहे, पण त्यांच्या दुकानात बसायला स्टुलं लागली तर पुढच्या महिन्यात पाळी लावता येईल. सुतारानं टेप गुंडाळली. हसू दाबत गुंडाळली.

हमरस्त्यावर गेलेल्यांतले निम्मे पुढं परत आले. व्यवस्थापकाच्या ओळखीनं दुसऱ्या गावच्या सभागृहाचंही बोलणं निघालं. वहिनीनं पावसाळ्यानंतरचा वायदा दिला, त्यांनी थांबायचं कबूल केलं. तिच्या वायद्याला लोक आता थांबतात.

मोबाइलवाला परत गेला त्या दिवशी मात्र दुकानात उघडलेलं एकही काम नव्हतं. पुढच्या गिऱ्हाइकाची खुर्ची दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. भरदिवसा वहिनीच्या हाताला काम नाही, हे मी प्रथमच बघत होतो. ती थोडी फिरली, मशीनला तेल घातलं, मग पातं घेऊन जमिनीवर बसली आणि फरशी खरवडायला लागली. ती फरशी काळी आहे असंच मी समजत होतो. तो सोल्यूशनचा थर होता, वर्षानुवर्षं ठिबकून चढलेला. पापुद्रे निघायला लागले आणि खालून हिरव्या लाद्या आल्या, पांढऱ्या बारीक नक्षीच्या. नाना दारातून बघत होते. त्यांनी स्टूल आत आणला, खाली बसता येत नव्हतं म्हणून त्यावरूनच वाकले आणि एका लादीवर अंगठा फिरवला.

“या मी स्वतः बसवल्या होत्या,” ते म्हणाले, आणि दुसरं पातं मागितलं.